२००३ च्या इराक युद्धाची जबाबदारी तेव्हाचे अमेरिकेचे अध्यक्ष बुश आणि ब्रिटनचे पंतप्रधान ब्लेअर यांची, का त्यांना निवडून देणाऱ्या लोकांची?

आधी नेत्यांचीच, पण एकट्या त्यांची नाही. ऑक्टोबर २००२ मधे अमेरिकन सिनेटनं ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाला परवानगी दिली, त्यात हिलरी क्लिंटन पण होत्या, म्हणजे विरोधी पक्षवालेही सामील झालेच की. आता लोकांचं म्हणाल तर युद्धाआधी लंडनमधे लाखो लोक रस्त्यावर उतरलेले, त्यांना कसं दोषी धरणार? पण इराककडे आहेत म्हणून ज्यांच्यासाठी युद्ध केलं ती घातक शस्त्रं सापडलीच नाहीत, तरी २००४ ला बुश आणि २००५ ला ब्लेअर परत निवडून आले, तिथं मात्र मतदार सुटत नाहीत बघा. (अर्थात आपण सोलापूरवाले तरी मत देताना परराष्ट्र धोरण कुठं बघतो, नळाला पाणी किती दिवसाआड येतं तेच बघतो.) २०१६ ला या युद्धाची चौकशी करणाऱ्या ब्रिटनच्या चिलकॉट अहवालानं सांगितलं की शांततेचे मार्ग संपायच्या आतच ब्रिटन युद्धात उतरलं, पण त्यासाठी ब्लेअरवर खटला काय चालला नाही.