पहिल्यांदा बेळगावचा ओल्ड मॅन बघायला येतोयस? मग हे वाच

भावा, ओल्ड मॅन म्हणजे सरत्या वर्षाचा पुतळा, ३१ डिसेंबरला रात्री बारा वाजता जाळतात. पण बारा वाजता डायरेक्ट बेळगावच्या कॅम्प भागात येऊ नकोस, तेव्हा नुसता धूर नि डोकी दिसतात, त्यापेक्षा आठ-नऊलाच ये आणि गल्लीगल्लीनं चालत फीर, कारण खरी मजा जाळायच्या आधीच असते की. जुनी पॅन्ट-शर्ट, आत गवत कोंबलेलं, तोंडाला मुखवटा, काय एकेक ध्यान असतंय! गाडी लांबच लाव. स्वेटर पाहिजेच, बेळगावची थंडी रात्री कानातनं शिरते, कानटोपी घाल, लाजू नकोस, पण नायलॉनचं जॅकेट नको, ठिणगी पडली की भोक. पुतळ्याच्या पोटात फटाके असले तर जवळ जाऊन सेल्फी काढत बसू नको, आणि वारा पाठीमागनं येईल असा उभा राहा.