वाचकांचे प्रश्न : बंद पडलेल्या जिनिंगचे काय करावे?

प्रश्न : आमच्या गावातील निजामकाळातील जिनिंग-प्रेसिंग (कपाशीतून सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारा कारखाना) पुढे एका सहकारी संस्थेकडे आली; ती संस्थाही आता अवसायनात निघाली आहे, म्हणजे गुंडाळली जात आहे. वास्तू पाडून गाळे काढावेत, असे काहींचे म्हणणे आहे. आम्हाला तेथे ग्रंथालय, अभ्यासिका आणि बचत गटांसाठी बाजार हवा आहे. जुनी वास्तू म्हणून कायद्याचे संरक्षण मिळेल काय?
– एक वाचक, परभणी जिल्हा

उत्तर : केवळ जुनेपणामुळे संरक्षण मिळत नाही. प्राचीन स्मारकांविषयीच्या 1960 च्या राज्य अधिनियमाखाली शासनाने अधिसूचित केलेल्या वास्तूच संरक्षित ठरतात. स्थानिक वारसा यादीत नाव यावे, यासाठी छायाचित्रे, मोजणी नकाशा आणि इतिहास जोडून नगरपरिषदेकडे लेखी प्रस्ताव द्यावा. परंतु आपल्या प्रकरणात कळीचा मुद्दा मालकीचा आहे. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर न थांबता 1954-55 च्या खासरा पाहणीचा, म्हणजे निजामी राजवटीनंतर झालेल्या जमीन नोंदींचा, उतारा काढावा, कारण मराठवाड्यातील जुन्या जागांचा वाद बहुधा तेथपर्यंत जातोच. संस्थेची देणी भागवण्यासाठी अवसायक (संस्था गुंडाळण्यासाठी नेमलेला अधिकारी) मालमत्ता विकू शकतो. म्हणून लिलावाची नोटीस निघण्यापूर्वीच जागा घेण्याचा ठराव नगरपरिषदेने करून तो अवसायकाकडे आणि जिल्हा उपनिबंधकांकडे पाठवणे आवश्यक आहे.

किल्लारीच्या 1993 च्या भूकंपानंतर आपल्याकडे दगडी भिंत म्हटली की धास्ती वाटते. तेथे ढासळल्या त्या मुख्यतः मातीत रचलेल्या, डोक्यावर जड माळवद (मातीचे सपाट छत) असलेल्या भिंती. चुन्यात बांधलेल्या घडीव दगडाची गोष्ट निराळी आहे, तरीही संरचना तपासणी टाळू नये. चुन्याच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मात्र कदापि देऊ नये, कारण आत अडकलेली ओल दगडाचे पापुद्रे काढते. छतावर ॲस्बेस्टॉसचे पत्रे असतील, तर ते फोडून न पाडता ओले करून अखंड उतरवावेत.

यंत्रे भंगारात जाण्याची घाई सर्वांनाच असते. निदान जिनांची (सरकी काढणाऱ्या यंत्रांची) एक रांग, त्यांना गती देणारा लांब दांडा म्हणजे लाईन शाफ्ट आणि त्याच्या पुल्या जागच्या जागी राहू द्याव्यात. कपाशी कोठून आत येई, सरकी कोठे पडे आणि रुई प्रेसकडे कशी जाई, हे त्याविना मुलांना समजणार नाही. जुने कामगार हयात आहेत तोवर त्यांच्याकडून हे सारे ध्वनिमुद्रित करून घ्यावे.

ब्राझीलमधील साओ पावलो येथे जुना पिंपांचा कारखाना पाडण्याऐवजी वास्तुविशारद लीना बो बार्दी यांनी तो राखला आणि 1982 मध्ये तेथे वाचनालय व कार्यशाळा असलेले लोककेंद्र सुरू झाले. काम हाती घेण्यापूर्वीच मुले तेथे चेंडू खेळत होती, हे त्यांनी पाहिले होते. आपणही रीतसर परवानगी घेऊन आधी आवार झाडून तेथे बचत गटांचा आठवडी बाजार भरवावा; कोणती शेड कशासाठी उपयोगी आहे, हे त्यातूनच कळेल. उत्पन्नासाठी मंगल कार्यालयाची सूचना हमखास येईल. (ती कोणत्या गावी येत नाही?) ती सरसकट नाकारू नये; मात्र परीक्षेच्या दिवसांत लग्नाची वाजंत्री अभ्यासिकेच्या उशाशी वाजणार नाही, अशी अट वापराच्या नियमावलीत आधीच घालून घ्यावी.