जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल टाकलं तर इंजिनाची वाट लागते का?

तुमची गाडी कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना यांत्रिक भाग असलेली), बहुतेक वेळ उभीच, आणि आता त्यात ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल टाकावं लागणार. इंजिन बसेल का, असं विचारलंय. एवढ्याने इंजिन सहसा बसत नाही. खर्च निघतो तो टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या वाटेवर.

सगळ्यात आधी रबर बघा. जुन्या गाड्यांतले पाइप, ओ-रिंगा (जोडावरची रबरी कडी), पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) हे साध्या पेट्रोलचा विचार करून बनवलेले असतात. इथेनॉलने ते फुगतात, मऊ पडतात, आणि गाडी उभी राहून ते सुकले की तडकतात. इंजिन गार असताना पेट्रोल पाइप दोन बोटांत दाबून बघा. चिकट लागला, बोटाला काळं आलं किंवा वाकवल्यावर बारीक चिरा दिसल्या, तर लगेच बदला. गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकणं म्हणजे आगीला आमंत्रण, इथे चालढकल नको. नवीन पाइप घेताना त्यावर ‘एसएई जे३० आर९’ छापलंय का ते पाहा. त्याला आतून इथेनॉलला टिकणारा फ्लुरोकार्बन रबराचा थर असतो. पंप इंजिनावर बसवलेला यांत्रिक असेल तर ऑइलची डिपस्टिक (पातळी मोजायची पट्टी) हुंगून बघा. पेट्रोलचा वास आला तर डायफ्राम फाटलेला असू शकतो.

दुसरी भानगड पाण्याची, आणि तुमच्या बाबतीत मला हीच जास्त काळजीची वाटते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. थोडं पाणी पेट्रोलसोबत जळून जातं, कळतही नाही. प्रमाण वाढलं, किंवा थंडी पडली, की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल उचलणारी नळीही नेमकी तिथेच. मग गाडी झटके खाते, मिसिंग मारते. कार्ब्युरेटर बरेच दिवस तसाच राहिला तर फ्लोट बाउल, म्हणजे त्यातली पेट्रोल साठायची वाटी, उघडल्यावर तळाशी पांढरी भुकटी दिसते, तो धातूचा गंज. जेटचं, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक तोटीचं, भोक बुजायला चिमूटभर पुरते. म्हणून गाडी नियमित चालवा, ताजं पेट्रोल भरत राहा. महिनोन्‌महिने उभी ठेवणार असाल तर बाउल रिकामा करा आणि टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी उरते.

सुरुवातीला फिल्टर लवकर तुंबला तर घाबरू नका. इथेनॉल टाकीतला जुना थर सोडवतं, तो गाळ पुढे येतो. फिल्टर स्वस्तात बदलून मिळतो.

मिक्स्चरचं, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं, गणित असं: पेट्रोल जाळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट, ई२० ला साडेतेराच्या आसपास. ऑक्सिजन सेन्सरवाली इंजेक्शनची गाडी हे स्वतः सांभाळून घेते. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, त्यामुळे मिक्स्चर लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं: पिकअप अडखळतो, इंजिन जास्त तापतं. ट्यूनिंग करून घ्या, गरज पडली तर जेट एक नंबर मोठा.

ॲव्हरेजचा मात्र नको तेवढा बाऊ होतो. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांश, म्हणजे शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत ई२० वर हिशेबाने ७ टक्क्यांच्या आसपास घट. ट्यूनिंग केल्यावरही कोणाचं ॲव्हरेज ३० टक्के पडलं असेल तर त्याने आधी प्लग, एअर फिल्टर आणि घासणारे ब्रेक तपासावेत.

आणि ऑक्टेन (इंधनाची नॉकिंग टाळायची क्षमता) वाढवणाऱ्या बाटल्यांवर पैसे घालू नका. इथेनॉलने ऑक्टेन आधीच वाढलेलं असतं. गंजरोधक ॲडिटिव्हचा उभ्या गाडीला थोडाफार उपयोग होतो, पण टाकीत पाणी एकदा वेगळं झालं की कुठलीही बाटली कामाची नाही. टाकी उपसूनच काढावी लागते.