ख्रिस्ती श्रद्धेनुसार देव माणसात नेमके काय पाहतो?

स्पर्धा परीक्षांमध्ये सहा वर्षे गेली, हाती काही लागले नाही, आणि चर्चच्या मंडळीतील लोक मात्र ‘देवाला तुझ्यातील क्षमता दिसते’ असे सांगत राहतात; तर मला न दिसणारे असे देवाला काय दिसते, असे आपण विचारले आहे. मी पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, नाही. कोल्हापुरातील मराठी ख्रिस्ती कुटुंबात वाढलो आणि हाच प्रश्न मनात ठेवून अनेक वर्षे पवित्र शास्त्र (बायबल) वाचत आलो, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

‘क्षमता’ हा शब्द मला येथे अडचणीचा वाटतो. तो आपण परीक्षेच्या जगातून आणतो, आणि मग देवही निवड समितीसारखा आपल्या गुणांची बेरीज करत बसला असेल, असे वाटू लागते. येशूचे चरित्र सांगणाऱ्या लूककृत शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायातील दाखला निराळेच काही सांगतो. द्राक्षमळ्यातील अंजिराच्या झाडाला तीन वर्षे फळ आलेले नाही. मालक म्हणतो, तोडून टाक. आणि माळी विनवतो की एवढे एक वर्ष राहू द्या, मी त्याच्याभोवती खणून खत घालीन. झाडात काही गुण दडले आहेत, असे तो कोठेही म्हणत नाही. तो स्वतःचे कष्ट पुढे करतो. (फळ न आल्यास तोडावे, हेही त्याच दाखल्यात आहे, आणि ते वगळून सांगणे मला योग्य वाटत नाही.) पुढे फळ आले की नाही, हे प्रभू येशूने सांगितलेलेच नाही.

असा एक माळी मी जवळून पाहिला आहे. लहानपणी मी बोलताना फार अडखळत असे. आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी शास्त्रपाठ वाचायला मलाच उभे केले. बायबलमधील दानीएलाच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय होता, आणि त्यात ‘नबुखद्नेस्सर’ हे बाबेलच्या राजाचे नाव पुन्हा पुन्हा येते. पहिल्याच ओळीत माझी जीभ अडली. ते शेजारी येऊन उभे राहिले. त्यांनी घाई केली नाही, माझ्या तोंडचा शब्द स्वतः उच्चारला नाही, केवळ ओळीखाली बोट धरून ठेवले. अध्याय संपायला किती वेळ लागला, ते आठवत नाही, पण तो मीच संपवला. माझे अडखळणे आजही पुरते गेलेले नाही. जड जिभेच्या मोशे संदेष्ट्यालाही देवाने जीभ बदलून दिली नव्हती, बोलण्यासाठी सोबतीला त्याचा भाऊ अहरोन दिला होता.

आमच्या करवीर तालुक्यात ऊस तुटून गेल्यानंतरचे शेत नवख्या माणसाला उजाड वाटते, कारण सरीत पडलेले पाचट आणि कोयत्याने तासलेले बुडखे यांखेरीज तेथे काहीच दिसत नाही. माझे चुलते मात्र ते बुडखे जमिनीलगत छाटून घेतात आणि पहारीने भोके पाडून मुळांजवळ खत देतात. फुटवा दिसण्यापूर्वीच त्यांच्या तोंडी त्या शेताचे नाव खोडवा, म्हणजे त्याच बुडख्यांतून पुन्हा येणारे पीक, असे असते, कारण जमिनीखाली मूळ शाबूत आहे, हे त्यांना ठाऊक असते.

योहानाच्या शुभवर्तमानात येशूचा शिष्य शिमोन (पेत्र) याला असेच आधी नाव मिळते. पहिल्याच भेटीत प्रभू त्याला म्हणतो की तुला केफा, म्हणजे खडक, म्हणतील. आणि हाच खडक पुढे प्रमुख याजकाच्या वाड्यात, कोळशाच्या विस्तवाशी शेकत असताना, मी येशूचा शिष्य नव्हे, असे सांगून मोकळा होतो. पुनरुत्थानानंतर तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावरही कोळशाचाच विस्तव पेटलेला आहे. तेथे प्रभू त्याला ‘शिमोना’ या जुन्या नावाने हाक मारतो, तीनदा प्रीतीविषयी विचारतो, आणि तीनही वेळा काम सोपवतो: माझी कोकरे चार, माझी मेंढरे पाळ. माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर याच २१व्या अध्यायात आहे. देवाला शिमोनाचे नाकारणे दिसत नव्हते असे नाही. ते दिसत असतानाही त्याने केफा हे नाव परत घेतले नाही.

मात्र देवाला दिसणारी वाढ म्हणजे अधिकारीपदच, असे कोणी आपल्याला सांगत असेल, तर त्याला पवित्र शास्त्रात आधार नाही. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला लिहितो की मी लावले, माझा सहकारी अपुल्लोस याने पाणी घातले, पण वाढवणारा देव आहे. आणि वाढ कोणत्या दिशेने व्हावी, हेही त्याच्याच हाती राहते. परीक्षा पुन्हा द्यावी की थांबावे, हे मी देवाच्या नावाने सांगणार नाही. ते घरच्यांशी आणि आपल्या पाळकांशी मोकळेपणाने बोलून ठरवावे. एक मात्र करून पाहा. या सहा वर्षांत अभ्यासिकेत शेजारी बसणाऱ्या किती मुलांना आपण एखादा अवघड धडा समजावून दिला, किती जणांना निकालाच्या दिवशी एकटे सोडले नाही, ते आठवून कागदावर लिहा, आणि तो कागद समोर ठेवून किनाऱ्यावरचा तो प्रसंग पुन्हा वाचा.