विरोधाभास फक्त तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांतच भेटतात का?

छे! ‘मी आत्ता खोटं बोलतोय’ हे वाक्य खरं मानलं तर खोटं ठरतं, खोटं मानलं तर खरं. डोक्याला खुराक म्हणून ठीक. मला जास्त रस आहे तो मोबाइलमध्ये रोज भेटणाऱ्या विरोधाभासात. १९९१ मध्ये समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी दाखवलं की बहुतेकांच्या मित्रांना त्यांच्यापेक्षा जास्त मित्र असतात. चौघं जण घ्या. एकाची बाकी तिघांशी मैत्री, त्या तिघांची आपसात ओळखही नाही. झालं, चौघांपैकी तिघांना वाटणार, ‘तो किती लोकप्रिय, आपणच एकटे!’ ज्याचा गोतावळा मोठा तोच जास्त जणांच्या यादीत झळकतो, एवढंच गणित. फॉलोअर्सच्या बाबतीत तर हे आणखी टोकाला जातं. तिथे काही जणांमागे लाखो जण असतात.