लिनक्सवर मायक्रोकंट्रोलर : आधी केबल तपास

पुण्याच्या तपकीर गल्लीतून आर्डुइनो ऊनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा क्लोन (नक्कल) आणलास, छान केलंस. आता घाई करून दहा सॉफ्टवेअरं टाकू नकोस. उबुंटू लिनक्सवर जीसीसी-एव्हीआर (gcc-avr, कंपायलर), एव्हीआर-लिबसी (avr-libc, त्याची सी लायब्ररी), एव्हीआरड्यूड (avrdude, प्रोग्राम बोर्डावर चढवणारं) आणि मेक (make, ही कामं ओळीने करून घेणारं) एवढं पुरतं.

पहिली अडचण बहुधा केबलची येईल. बऱ्याच स्वस्त केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. बोर्डावरचा दिवा लागतो, पण कॉम्प्युटरला काहीच दिसत नाही. माझे दोन दिवस यात गेले होते. बोर्ड जोड आणि टर्मिनलमध्ये 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg, कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) चालव. क्लोनवर सीएच३४० (यूएसबीला सिरीयल पोर्ट बनवणारी) चिप असेल तर टीटीवाययूएसबी० (ttyUSB0) असं पोर्टचं नाव दिसायला हवं.

नाव दिसून लगेच गायब झालं, तर बीआरएलटीटीवाय (brltty) बघ. हे ब्रेल उपकरणांसाठीचं पॅकेज, उबुंटू २२.०४ मध्ये ते सीएच३४० ला ब्रेल यंत्र समजून पोर्ट बळकावतं. घरात कोणी ब्रेल डिस्प्ले वापरत नसेल तरच काढून टाक.

प्रोग्राम चढवताना 'परमिशन डिनाइड' आलं की लोक सरळ सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावतात. तू तसं करू नकोस. स्वतःला डायलआउट (dialout, सिरीयल पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या) ग्रुपमध्ये घाल, लॉगआउट करून परत ये, बस्स.

आणि सुरुवातीला एलईडी लुकलुकवणारा प्रोग्राम सी भाषेत, मेकफाइल (मेकला सूचना देणारी फाइल) हाताने लिहून कर. ऊनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपमध्ये रॅम फक्त २ केबी आहे. कंपायलरने त्यातली किती वापरली हे 'एव्हीआर-साइझ' (avr-size) कमांडने दरवेळी बघत जा. एसटीएम३२ या दुसऱ्या मायक्रोकंट्रोलर मालिकेकडे नंतर वळ. तिथे कंपायलर वेगळा, शिवाय चिपवर प्रोग्राम चढवायला आणि डीबग करायला बहुधा ओपनओसीडी (OpenOCD) शिकावं लागतं. अडलास तर डीमेसेजच्या शेवटच्या वीस ओळी घेऊन ये, आपण सोबत बसून बघू.