केस कोणी कापले?

प्रश्न : मी सहकारी बँकेत काम करते. रजेवरून परतल्यावर 'आय कट माय हेअर' म्हणाले, तर सगळे हसले. 'गॉट' घाला म्हणाले. शाळेत आम्हाला 'गेट' म्हणजे मिळणे, एवढंच शिकवलं. केस कापण्यात मिळालं काय? शिवाय मुलीच्या अमेरिकन गोष्टींच्या पुस्तकात 'गॉटन' दिसलं. ते चूक ना?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हसण्यासारखं काही नव्हतं. वाक्यात व्याकरणाची चूक नाही; फक्त ऐकणाऱ्याला तुम्ही आरशासमोर स्वतःच कात्री चालवताना दिसता. मराठीत 'काल केस कापले' म्हटलं तर कात्री कोणाच्या हातात होती, हे कोणी विचारत नाही.

इथला 'गेट' म्हणजे आपलं 'करून घेणे'. केस कापून घेतले : 'आय गॉट माय हेअर कट'. रक्त तपासून घेतलं : 'आय गॉट माय ब्लड टेस्टेड'. आधी वस्तू, मग क्रियापदाचं तिसरं रूप. काम कोणाकडून करून घेतलं ते सांगायचं असेल, तर मधे 'टू' येतो : 'आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप'. हा 'टू' आपल्याकडे हमखास गळतो. 'मेक' आणि 'हॅव' यांना अशा वाक्यात तो लागत नाही, तीच सवय इथे नडते.

'मिळणे' हा अर्थ बरोबरच आहे, पण तेवढ्यावर भागत नाही. पुढे काय येतं ते बघायचं. विशेषण आलं की 'होणे' : गेट टायर्ड, गेट वेट. ठिकाण आलं की 'पोहोचणे' : गेट टू सांगली. घरी पोहोचताना मात्र 'टू' नको, नुसतं गेट होम. आणि 'आय डोन्ट गेट इट' म्हणजे डोक्यात शिरत नाही.

'गॉटन' चूक नाही, जुनं आहे. ब्रिटनमध्ये ते मागे पडलं, अमेरिकेत टिकलं. ('फरगॉटन' मात्र दोन्हीकडे शाबूत!) अमेरिकन माणूस त्यातून एक बारीक फरकही साधतो. 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे माझ्याकडे गाडी आहे. 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे मी गाडी मिळवली, घेतली. मला स्वतःला ही सोय फार आवडते. पण आपल्या शाळा ब्रिटिश वळणाचं इंग्रजी शिकवतात, तेव्हा पुस्तक खुशाल वाचू द्या आणि पेपरात मुलीला 'गॉट'च लिहायला सांगा.